उतू गेलेला अर्थ

पुण्याच्या भाषामेंदू प्रयोगशाळेत पडद्यावर एकतीस जणांच्या मेंदूंचे हिरवे ठिपके लुकलुकत होते आणि डॉ. हबीब तांबोळी वैतागले होते.

"एवढासा शब्द, रन! धावणं, मशीन चालणं, दुकान चालवणं, निवडणूक लढवणं, नळ वाहणं. मोजता मोजता माणूस थकावा. आणि मॅडम, तुमच्या एकतीसच्या एकतीस वर्गमित्रांकडे एक अर्थ जास्तीचा निघतोय. दूध उतू जाणं! कुठल्याच शब्दकोशात नाही. काढून टाकतो."

"थांबा!" डॉ. विशाखा खोत म्हणाली.

काचेपलीकडे लोटलीकर सर बसले होते. विशाखाच्या करंजवण्याच्या शाळेचे इंग्रजीचे मास्तर, वय एक्क्याऐंशी. पक्षाघाताने त्यांची सगळी भाषा नेली होती. मेंदूला नव्या वाटा फुटण्याची मुदत आठवड्यात संपणार होती. मग ते कायमचे मुके. 'खोत, उभी राहा' ही त्यांची हाक एकदा तरी ऐकायला मिळावी, एवढंच विशाखाला हवं होतं.

"तांबोळी, प्रत्येक अर्थ मेंदूत वेगळा उमटतो. शिकतानाच्या आवाजासकट, वासासकट. ही झाली अर्थमुद्रा. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांतही तिचा साचा सारखाच. सरांच्या मुद्रा शाबूत आहेत, वाटा तुटल्यात. त्याच साच्याचा हलका विद्युतसंकेत दिला, तर मुद्रा जागी होईल."

"ते ठाऊक आहे हो. पण बाकीचे अर्थ पोरं क्रिकेटमधून, टीव्हीवरून, कुठूनही शिकली. त्यातली सरांची मुद्रा ओळखायची कशी?"

"चुकीचा अर्थ सरांशिवाय कोण शिकवणार?"

तांबोळींनी कपाळावर हात मारला. "आणि मी तोच पुसायला निघालो होतो!"

विशाखाला मात्र वाईट वाटलं. पूर्णविराम राहिला तर अर्धा गुण कापणारे सर, तेही चुकले होते तर. इतकी वर्षं ती स्वतःही दूध उतू गेलं की रनच म्हणत होती.

संकेत सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सरांच्या नाकपुड्या हलल्या. काही करपतंय का, हे पाहावं तशी त्यांनी दाराकडे मान वळवली.

"दूध," सर म्हणाले. पाच महिन्यांतला पहिला शब्द.

विशाखा धावतच आत गेली. तिला सगळं लख्ख आठवलं. शाळेतलं पावडरीचं दूध, राखणीला बसवलेली ती, हातातलं गोष्टीचं पुस्तक, स्टोव्हवरून जमिनीवर आलेला फेस आणि दारात मुख्याध्यापक. सरांनी शांतपणे खडू उचलला होता. "खोतला मीच प्रयोगाला बसवलंय. द मिल्क इज रनिंग. लिहून घ्या सगळ्यांनी."

"सर, मी विशाखा. विशाखा खोत."

सर तिच्याकडे पाहत राहिले. एकेक शब्द शोधत बोलले, "चूक... होती ती. माहीत होतं मला. तू... रडत होतीस."

काचेपलीकडे तांबोळी उगीचच चष्मा पुसत होते.

"उद्या दुरुस्त करीन... म्हटलं. राहून गेलं."

"राहू द्या सर. बत्तीस वर्षं झाली."

"छे!" सरांचा आवाज चढला. "खोत, उभी राहा. लिहून घे."

ती उभीच होती. तरी ताठ झाली आणि कोटाच्या खिशात पेन शोधू लागली.