कोपऱ्यातलं स्टूल

सरका जरा, बसू द्या. ऐकीव नाही हं हे. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. तुमची ताई ती.

नर्स आहे, माहीतच आहे तुम्हाला. दिवसभर ड्यूटी, वर पुढच्या डिग्रीचा अभ्यास. विषय काय, तर रात्रपाळीच्या नर्स पेशंटला हात लावण्याआधी आपले हात धुतात का. विचारलं तर सगळ्याच हो म्हणणार. म्हणून डोळ्यांनी बघायचं. वॉर्डच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचं. बोलायचं नाही, मध्ये पडायचं नाही. "तू तिथे नाहीसच असं समज," असं तिच्या मॅडमनी बजावलेलं.

मागच्या जानेवारीतला तिसरा मंगळवार. रात्रीचे दोन वाजून गेलेले. पोरीचे पाय सुजलेले, डोळे चुरचुरत होते. ड्यूटीवरची नर्स औषध आणायला खाली गेली होती.

तेवढ्यात दुसरी सिस्टर आली. वयस्कर. हिला वाटलं, मदतीला पाठवली असेल. ती बेसिनपाशी गेली. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग पहिल्या खाटेवरच्याची नाडी बघितली. पुन्हा हात धुतले. नळ चालू होता... पण पाण्याचा आवाज नाही.

"म्हणजे कसं, काका?"

"मला काय विचारतोस? ऐक."

शेवटच्या खाटेवर एक आजोबा होते. सिस्टरने त्यांचं मनगट धरलं. मान हलवली. आणि चादर ओढली... तोंडावरून.

चादर हलत होती. वर. खाली.

बोलायचं नाही... मध्ये पडायचं नाही... शेवटी ओरडलीच.

"सिस्टर! जिवंत आहेत ते!"

सिस्टर वळली. हिच्याकडे आली. जवळ. अगदी जवळ...

"किती दमलीस गं," म्हणाली. "बघू. हात दे."

...

ड्यूटीवरच्या नर्सने हलवून उठवलं, तेव्हा ही फरशीवर पडलेली. चादर आजोबांच्या छातीपर्यंत नीट. पुढच्या आठवड्यात ते चालत घरी गेले.

"दुसरी सिस्टर कुठली? आज मी एकटीच आहे," ती नर्स म्हणाली. "डोळा लागला तुझा. घरी जा बाई."

हिलाही ते पटलं. पहाटे आमच्याकडे आली. दार मीच उघडलं. बोलायचंही त्राण नव्हतं पोरीत. स्वेटर काढायला तिने बाही ओढली...

कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा. वर आडवी चिकटपट्टी.

कापूस अजून ओला होता. लाल.