नंबर लागल्यावर

गाडीचं दार वर गेलेलं होतं. मी आत बसले आणि दार खाली आलं. मग ते आतून काही केल्या उघडेना.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तीन दिवस झाले होते. पाहुणे गेले होते, सतरंज्याही परत गेल्या होत्या. पिपरी मेघेच्या आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच एकटी आले होते. तिथे बाबांची गाडी उभी होती. इटलीत बनणाऱ्या, जमिनीला पोट टेकवून पळणाऱ्या एका महागड्या गाडीची नक्कल. आत जुन्या मारुतीचं इंजिन, वरून फायबरची पिवळी बॉडी. ते किट दिल्लीकडून ट्रकने चौदा तुकड्यांत आलं होतं आणि त्यातला एकही तुकडा दुसऱ्याला जुळत नव्हता. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या ठोकलेले माझे बाबा निवृत्तीनंतर ते तुकडे जुळवत बसले. मी पुण्यात शाळेची पुस्तकं तपासत होते आणि फोनवर हवापाणी विचारावं तशी गाडी विचारत होते.

फेब्रुवारीची दुपार. आत रेझिनचा, फायबर घट्ट करणाऱ्या चिकाचा, उग्र वास कोंडला होता. मी खिडकीवर थापा मारल्या. काच नव्हतीच ती, प्लास्टिकचा पत्रा होता. आवाज बद्द आला.

बाहेर चपला थांबल्या.

"कोण हाय आत?"

"दार उघडा."

"आधी नाव सांगा. मागच्या महिन्यात दोघं जण घुसलते फोटो काढाले."

"मी जागृती. ही माझ्या वडिलांची…"

बाहेरचा आवाज खाली आला. "डाव्या पायापाशी एक तार हाय पाहा. ते ओढा. हळू… झटका नका देऊ."

दार कुरकुरत वर गेलं. समोर एक सडपातळ, सावळा तरुण उभा होता. कोपरापर्यंत हात पांढऱ्या धुळीने माखलेले.

"तुम्ही धम्मदीप," मी म्हणाले.

"काकानं सांगतलं वाटते."

"दर रविवारी फोनवर तुमचीच गोष्ट असायची."

"अन् या तारेची गोष्ट नाई सांगतली?" तो हसला. मग दुःखाचं घर आहे हे आठवून त्याने ते हसू गिळलं. मला वाटतं, मी तिथेच फसले. हसण्यामुळे नव्हे, गिळण्यामुळे.

सिंदी मेघेत त्याचं कूलरच्या फायबर बॉड्यांचं छोटं दुकान होतं. सकाळी दुकान, दुपारनंतर आमची शेड, असं चार वर्षं चाललं होतं. आता गाडी जवळजवळ पुरी झाली होती.

"काका म्हणत, परिवहन ऑफिसात फाइल गेलेली हाय," तो म्हणाला. "एकदा तपासणी झाली का नंबर लागते. मंग रस्त्यावर. तुम्ही इकू नका इतक्यात."

मी विकायलाच आले होते. पण ऑफिसला कळवून मी घरून काम मागून घेतलं, आणि राहिले.

दुपारी मी त्याच्या हाताखाली काम करू लागले. घासकागद धरायचा, रेझिनच्या डब्यात मोजून हार्डनर टाकायचं, काचेच्या धाग्यांची चटई कात्रीने कापायची. पहिल्याच दिवशी हातभर खाज सुटली. दिसत नाहीत असे धागे कातडीत घुसले होते.

"खाजवू नको," तो पटकन म्हणाला. 'नका' म्हणायचं राहूनच गेलं. त्याने चिकटपट्टीचा रोल आणला, एक तुकडा माझ्या मनगटावर ठेवून अंगठ्याने दाबला, आणि उलट्या बाजूने सावकाश ओढला. पुन्हा एक तुकडा, थोडा वर. पुन्हा एक…

"निघाले?" मी विचारलं.

"निघाले."

"मग अजून काय करून राह्यला?"

"खात्री," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. मीही हात काढून घेतला नाही.

एका संध्याकाळी आम्ही गाडी मागच्या लेआउटमध्ये नेली. तिथे डांबरी रस्ते आखलेले आहेत, घरं अजून व्हायची आहेत. गेट ओलांडताच गतिरोधक आला. गाडीचं पोट इतकं खाली की सरळ गेली तर फुटलीच. म्हणून मी उतरायचं, चाकांपुढे दोन फळ्या टाकायच्या, त्याने पुढे घ्यायची, मी फळ्या उचलायच्या. असे चार गतिरोधक. मागचं काहीही दिसत नव्हतं. इंजिन पाठीशी गुरगुरत होतं आणि त्याची सगळी धग आमच्या मानेवर येत होती. इंडिकेटर ऑटोचे होते, मागचे लाल दिवे बसचे. पण मोकळा रस्ता लागला, त्याने पाय दाबला, आणि पळसाची झाडं दोन्ही बाजूंनी केशरी रेघा होऊन मागे पडली… खरी गाडी मी कधी पाहिलेली नाही. याहून वेगळं काय वाटत असेल, मला माहीत नाही.

दीड किलोमीटरवर इंजिनाच्या झाकणाखालून वाफ आली. बकऱ्या घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी गाडीला प्रदक्षिणा घातली.

"कितीक माणसं बसते हिच्यात?"

"दोनच, आजी," धम्मदीप म्हणाला.

"येवढी लांबलचक अन् दोनच? आमचा छकडा बरा मंग."

त्या गेल्यावर आम्ही खूप हसलो. बाबा गेल्यावर मी प्रथमच हसत होते. इंजिन थंड होईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलो. तो मातीत काडीने काहीतरी काढत होता.

"नंबर लागला का पह्यले हिंगणघाटले जाऊ," तो म्हणाला. "हायवेनं. आईले दाखवतो गाडी. मंग… तुले एक गोष्ट विचाराची हाय."

"आता विचार."

"नाई. नंबर लागल्यावर. बिननंबरच्या गाडीतून उतरून नाई विचारत मी."

"किती मिजास ती."

"चार वर्षाची हाय," तो म्हणाला.

होळीच्या आदल्या दिवशी मी बाबांची पत्र्याची पेटी आवरायला काढली. पगाराच्या चिठ्ठ्या, आईचे एक्स-रे, आणि एका पिवळ्या पाकिटात परिवहन कार्यालयाचं पत्र. चार वर्षांपूर्वीचं. मूळ वाहनाची चासी कापून, बॉडी बदलून तयार केलेल्या अशा वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही; आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तपासणीची तारीख वगैरे कुठेच नव्हती. खाली, पत्र मिळाल्याची बाबांची सही होती. ठळक, सरळ, त्यांची.

म्हणजे बाबांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी ते धम्मदीपला दर दुपारी बोलावत राहिले. आई गेल्यानंतरच्या त्या शेडमध्ये त्यांच्याशी बोलायला दुसरं कोण होतं? मी तर फक्त रविवारी होते.

त्या दिवशी मी पत्र पुन्हा पाकिटात ठेवलं. बाबा जाऊन महिनाच झालाय, त्यांना खोटं कसं पाडू, असं मी स्वतःला सांगितलं. होळी झाली. तो रंग लावायला आला आणि माझ्या कपाळाला फक्त एक बोट लावून गेला. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं.

बारा दिवसांनी तो धापा टाकत आला. चाकणच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. बसच्या फायबर बॉड्यांचं काम, एक एप्रिलपासून.

"पण तपासणी कवा निघन सांगता येत नाई," तो म्हणाला. "मी नसलो तर गाडी दाखवणार कोण? तू सांग, जाऊ का?"

मला तेव्हाच पेटी उघडायला हवी होती. ती पाच पावलांवर होती.

"विचार कर," मी म्हणाले. "तुझं तू ठरव."

त्याने माझ्यासमोरच फोन करून नाही म्हटलं. मग शेडमध्ये जाऊन दरवाज्याच्या कडेला रंगाचा दुसरा हात मारू लागला… गुणगुणत. मी चहा केला.

सांगितलं ते एप्रिलच्या मध्यात, तेही माझ्या धैर्याने नाही. तपासणी का निघत नाही ते विचारायला तो उद्या स्वतः कार्यालयात जाणार होता. मी पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"काकाले मालूम होतं?"

"हो."

त्याने गाडीकडे पाहिलं. "एकटे होते काका," तो म्हणाला. "मले सांगतलं असतं तरी मी आलो असतो. एवढं तं वळखाले पायजे होतं त्यायनं." आवाजात राग नव्हता. मला वाटलं, निभावलं.

"तुले कवा सापडलं हे?"

खोटी तारीख सांगता आली असती. काल सापडलं म्हटलं असतं, तर तो माझाच राहिला असता.

"होळीच्या आदल्या दिवशी."

त्याने मनात दिवस मोजले. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"म्हणजे मी चाकणले नाई म्हटलं, तवा तुले मालूम होतं."

"हो."

"मी विचारलं बी होतं तुले."

"हो."

"मंग काऊन?"

"तू रोज येत होतास म्हणून."

प्रेमाची कबुली अशी द्यावी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो उठला. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"काकाचं समजते मले," पाठ वळवूनच म्हणाला. "ते म्हातारे होते. तू तं माह्याकडे पाहत होती." आणि सायकल काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही.

मे महिन्यात हिंगणघाट रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक, लक्ष्मणराव, गाडी बघायला आले. त्यांनी हात लावण्याआधीच मी पत्र वाचायला दिलं. "चालवाची कोणाले हाय," ते म्हणाले. "गेटपाशी उभी करतो. नवरानवरी आत बसून फोटो काढतीन."

ट्रक आला त्या सकाळी मी धम्मदीपला फोन लावला. तो आता नागपूरला एका कूलरच्या कारखान्यात होता. त्याच्या मागे कटरचा आवाज येत होता.

"गाडी जातेय," मी म्हणाले. "लग्नाच्या हॉलवर."

"चांगलं झालं. कोणी बसन तरी हिच्यात."

"धम्मदीप… तू जे विचारणार होतास ना, त्याचं माझं उत्तर हो होतं."

कटर थांबला. कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "म्हणून तं जास्त लागलं."

मी वाट पाहिली.

"ट्रकवाल्याले सांग," तो म्हणाला, "पुढून दोर नको बांधू. तिथं नुसतं फायबर हाय, फाटन. मांगच्या लोखंडी अँगलले बांधाले सांगजो."

फोन बंद झाला. मी अंगणात गेले. ट्रकवाला पुढून दोर टाकत होता. मी त्याला थांबवलं आणि मागचा अँगल दाखवला.