एकतिसावी चाल

मे महिन्यातली दुपार. जळगावात बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी, म्हणजे चार ओळींची बातमी. बसा, सांगतो, छापणारा तर कुणी उरला नाही.

पहिल्या पटावर धुळ्याचा राकेश आणि जळगावचा रोनक. दोघेही तोडीस तोड. गेल्या वर्षी याच पटावर, याच रोनकसमोर राकेशचे गुरू वना आबा बसले होते. छातीत कळ आली, आबांनी बाम चोळून पाहिला. त्यांनी डॉक्टर मागितला. पंच म्हणाले, घड्याळ थांबणार नाही. एकतिसावी चाल खेळायच्या आत आबा कोसळले आणि वेळ संपली म्हणून हरल्याची नोंद झाली. मी सगळं लिहिलं होतं. संपादकांनी ‘दुःखद निधन’ एवढंच ठेवलं. त्या डावाच्या चाली मात्र माझ्या वहीत राहिल्या.

अठराव्या चालीला मला शंका आली. वही उघडली. तोच डाव चालला होता.

रोनकलाही कळलं असावं. त्यानं मुद्दाम वेगळाच उंट काढला. तीन चालींत मांडणी पुन्हा तीच. पटाभोवती बाम चोळल्यासारखा वास येऊ लागला.

“बरोबरी घे, राकेश,” रोनक कुजबुजला. “हात जोडतो.”

राकेश घामानं निथळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “भाऊ... हाई चाल मनी नही. हात आपेआप जास...”

मी पंचांकडे धावलो. “घड्याळ थांबवा. चाली तो खेळत नाहीये, हात आपोआप जातोय. त्याला उठवा तिथून.”

“पत्रकारांनी दोरीमागे राहावं. गेल्या वर्षीही तुम्हीच बोंबलत होता.”

“गेल्या वर्षी माणूस मेला, साहेब.”

“खेळ नियमानंच झाला.”

तिसावी चाल झाली. रोनकनं स्वतःचा राजा आडवा केला. तो राकेशच्या खांद्यामागे बघत होता. तिथे कुणीच नव्हतं.

“मी हरलो, आबा... सोडा त्याला.”

पंचांनी घड्याळ थांबवलं. राकेश जिंकला होता. पण त्याचा हात पुढे गेला, त्यानं आडवा राजा उभा केला, आणि मग स्वतःचा घोडा उचलून एकतिसावी चाल खेळली. राकेश खुर्चीतून खाली घसरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघून हात सोडला, मान हलवली, चादर ओढली. चादरीखाली उजवा हात अजून चालू होता. काहीतरी उचलायचा, पुढे ठेवायचा, बाजूला घड्याळ असल्यासारखा दाबायचा... आणि समोरच्याची वाट बघत थांबायचा.