चेरीच्या बिअरमधली साखर

"माझी बिअर कुणीतरी गोड केलीय हो!"

दारातून आत धडकलेल्या शेजारच्या धाकटीचा सूर असा, की मेहुण्यांना वाटलं, कुणाचा जीवच गेला. गुप्तहेर मात्र लगेच बूट चढवू लागला. सांडलेलं सगळं टिपतो म्हणून लोक त्याला टिपकागद म्हणत. मेहुणे म्हणजे त्याच्या बायकोचे एकुलते एक भाऊ; ते त्याच्यासोबत सगळीकडे जात आणि सगळं उशिरा समजून घेत.

"गोड झाली, तर बरंच की!" मेहुणे म्हणाले.

धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उगाचच टोपी झटकली.

ती बेल्जियन धाटणीची आंबट बिअर होती. चेरी घालून, लाकडी पिंपात तीन वर्षं तान्ह्या बाळासारखी निजवलेली. पीप फुटलं, वाचली एकच बाटली. आज तिचा दादा ती चाखणार होता. आवडली तर तळघर धाकटीचं, नाहीतर तिथे दादाचं गोदाम.

"मी बाटली सुरईत ओतली, काठोकाठ. ग्लास पुसून आणले, तोवर हे!"

धाकटीच्या घरी पोचले, तर सुरई अर्धीच होती. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर तळहाताएवढा लाल, चिकट डाग. शेजारी साखरेचं भांडं.

चौकशीला आधी दादा. पांढऱ्या शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. "तळघर मला हवंय. पण आंबट निघाली असती, तर मी तशीही नाहीच म्हणणार होतो. साखर कशाला वाया घालवू?"

मग पाहुणा. गोड बिअरचा व्यापारी, मलईच्या रंगाचा डौलदार कोट. "अहो, मी जीभ लावली आणि हात जोडले. एवढी गोड तर मीसुद्धा करत नाही!"

शेवटी आत्या. पावाचे उरलेसुरले तुकडे डब्यात भरत होती. एप्रनची शिवण बाहेर, खिसे आत.

"नीट खाऊन-पिऊन घ्या, मग काय ते विचारा," ती म्हणाली.

टिपकागदाने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. "बुडबुड्यांच्या बिअरमध्ये साखर पडली की ती फसफसून उसळते. टाकणाऱ्याच्या अंगावर लाल शिंतोडे उडणारच. शर्ट स्वच्छ, कोट स्वच्छ. आत्याबाई, एप्रन उलटा का?"

आत्याने एप्रनची कड मुठीत धरली; आतून लाल ठिपका डोकावला.

"सापडला चोर! चला, भावोजी," मेहुणे उठले.

"बसा हो. सांडली तळहातभर, गेली अर्धी सुरई. उरलेली कुठाय? साखरेला जागा करायला आधी काढली असणार. आणि पावाचा तुकडा न टाकणारी बाई ती मोरीत ओतेल?"

आत्याने कपाट उघडलं. बशीने झाकलेला लालचुटूक ग्लास.

"चाखली, तर आंबटढाण! म्हटलं, नासली. पोरीची तीन वर्षं गेली... म्हणून गोड केली गं!"

"आत्या, ती आंबटच असते!"

"मग आधी सांगायचं नाही?"

दादाने ग्लास उचलला. पहिल्या घोटाला एक डोळा मिटला, दुसऱ्याला दुसरा.

"नासलीय ना रे?" आत्या पुटपुटली.

ग्लास रिकामा झाला.

"धाकटे," तो डोळे मिटूनच म्हणाला, "पिकायच्या आधीच चेऱ्या तोडून खायचो आपण. आणि मार खायचो. तशी लागते." त्याने कोपर वर केलं. "तळघराची किल्ली खिशात आहे. तूच काढून घे. मला डोळे उघडवत नाहीत."