खामपेंग आजींचं बिननावाचं मांजर

गुरुवारी सकाळी मांजराला चौथ्यांदा झटके आले आणि डॉक्टर रविवन यांनी हातातली सुई खाली ठेवली. काहीतरी चुकत होतं.

मंगळवारी पहाटे खामपेंग आजी त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात धावत आल्या होत्या. पाय ताठ, कान फडफडतायत, तोंडाला फेस. डॉक्टरांनी पोट साफ केलं, झटक्यांचं औषध दिलं. थरथर थांबली. औषधाचा अंमल उतरला की पुन्हा सुरू.

पोटात गेलेलं विष दोन दिवसांत उतरायला हवं होतं. हे मात्र कुठून तरी रोज नव्यानं चढत होतं. कुठलं विष ते कळल्याशिवाय मांजर शनिवार बघणार नव्हतं.

डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा काढला. नावाचा रकाना कोरा. त्या दिवशी नाव विचारलं तेव्हा आजींनी इकडेतिकडे पाहिलं होतं.

"नाव कसलं? नुसतं मांजर आहे. हिची तीन भावंडं एकामागोमाग एक गेली, ही एवढीच राहिली."

आजींबरोबर निम्मी गल्ली आली होती. त्या सगळ्यांसमोर डॉक्टर ठामपणे बोलून गेल्या होत्या, "हे विष आहे. कुणीतरी खायला घातलंय."

आजींनी फक्त मान वळवून शेजारच्या बुनसोंग काकांकडे पाहिलं. गल्लीला तेवढं पुरलं.

डॉक्टरांनी स्कूटर काढली. लम्पांगच्या वांग नदीच्या पुलापलीकडे, मातीच्या वाडग्यांचे कारखाने संपतात तिथे ती गल्ली होती. तोंडाशीच बुनसोंग काकांचं शेवयांचं दुकान. एरवी या वेळेला बसायला बाकडं मिळायचं नाही. आज नारळाचा रस्सा उकळत होता आणि समोर चिटपाखरू नव्हतं.

"या डॉक्टरीणबाई," काका पळीवरून नजर न काढता म्हणाले. "विषारी शेवया खाणार?"

"काका, मला काही विचारायचंय."

"विचारा. गल्लीनं न विचारताच निकाल दिलाय."

"त्या मांजराला मारून टाकीन, असं तुम्ही म्हणाला होतात?"

"रोज म्हणतो. माझी कोंबडीची पिल्लं नेते ती. बायकोलाही तीस वर्षं तेच म्हणतोय. ती बघा, आत लसूण सोलतेय."

"मग सोमवारी संध्याकाळी काय झालं?"

"आजीनं वाडग्यात मासा-भात ठेवला. मांजर फिरकलंच नाही. माझ्या कोंबड्यांनी वाडगा चाटून पुसून साफ केला." त्यांनी पळी कुंपणाकडे रोखली. "मोजा. एक तरी मेलीय का?"

सात कोंबड्या कुंपणाखाली माती उकरत होत्या. सातही टुणटुणीत.

"हे मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत? गल्लीत माझं कोण ऐकत होतं? आज पहाटे भिक्षूंना भात वाढायला उभा राहिलो, तर बायका चार हात लांब सरकल्या. बत्तीस वर्षं त्याच जागी उभा राहतो मी." त्यांचा आवाज जरा चिरकला. मग ते पुन्हा तिरके झाले. "त्या दिवशी रेडिओवर कौलांवर चढणाऱ्या कुत्र्याला फिदीफिदी हसलात ना? तसं हसून टाका आता मलाही."

डॉक्टरांना ते लागलं. दर शनिवारी त्या स्थानिक रेडिओवर पाळीव प्राण्यांबद्दल सल्ला देत. कुत्रा दिवसभर कौलांवर बसतो म्हणणारा गेल्या शनिवारचा तो फोन सगळ्यांनाच आठवत होता.

शेजारच्या अंगणात आजी पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात कोंबडा रंगवलेला रिकामा वाडगा. सवयीनं त्या माडीच्या छपराकडे तोंड करून हळू आवाजात हाक मारत होत्या, "मा... मा..."

इथल्या भाषेत मा म्हणजे ये. दवाखान्यात पडलेल्या मांजराला आजी ये म्हणत होत्या.

"आजी, सोमवारी तिनं काय खाल्लं?"

"काही नाही. अंग चाटत बसली, आणि गेली वर कौलांवर."

"कौलांवर?"

"दिवसभर तिथंच असते की."

डॉक्टर उभ्याच राहिल्या. मग जो प्रश्न मंगळवारी सर्वांत आधी विचारायला हवा होता, तो त्यांनी आत्ता विचारला.

"तिच्या अंगाला काही लावलं होतंत?"

"तुम्हीच सांगितलेलं. पिसवांचं. सोमवारी मानेवर थेंबथेंब एक नळी ओतली."

"मी? कधी?"

"अहो, शनिवारी फोन नाही का केला? माझ्या माला पिसवा झाल्यात म्हणून." आजींनी या वेळी 'मा'चा सूर खालून उचलून वर नेला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तसा उचलून म्हटला की त्याच 'मा'चा अर्थ कुत्रा होतो.

"आजी, मांजराचं नाव कुत्रा?"

"हळू बोला!" आजी कुजबुजल्या. "तीन पिल्लं नेली त्यांनी. चौथीला मांजर म्हटलं असतं तर हीसुद्धा नेली असती. भुतं मांजर शोधत येतात, कुत्रा आहे म्हटल्यावर परत जातात. माझ्या आईनं माझ्या भावाला असंच वाचवलं होतं."

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. दवाखान्यात पोचल्या, भांडी घासायचं साबणाचं पाणी केलं आणि मांजराच्या मानेवरचे केस दुभंगून पाहिले. तेलकट चिकट पट्टा. तीन दिवस त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांनी तो चोळचोळून धुतला, पुन्हा धुतला, आणि धुताना मान वर केली नाही.

शुक्रवारी सकाळी मांजर पायावर उभं राहिलं. गल्लीला ते कळायच्या आत डॉक्टर बुनसोंग काकांच्या दुकानात हजर होत्या, आणि सगळ्या गल्लीला त्यांनी तिथेच बोलावलं होतं.

"गुन्हेगार सापडला," त्या म्हणाल्या.

बायकांनी काकांकडे पाहिलं.

"तिकडे नका बघू. इकडे बघा. मी आहे ती." त्यांचे कान लाल झाले होते, पण त्या बोलत राहिल्या. "वाडग्यातलं अन्न काकांच्या कोंबड्यांनी खाल्लं, एकही मेली नाही. म्हणजे विष खाण्यात नव्हतं. झटके परत परत येत होते, म्हणजे ते अजून अंगावरच होतं. कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजराला चढतं. ते आजींनी लावलं, कारण रेडिओवर मी सांगितलं. मला ऐकू आलं, कुत्र्याला पिसवा झाल्यात. वजन विचारलं, त्या चार किलो म्हणाल्या. दिवसभर कौलांवर बसते, असंही म्हणाल्या. मी काय केलं? कुठलं जनावर, एवढं विचारायच्या ऐवजी हसले. सगळ्या लम्पांगला ऐकू जाईल असं हसले आणि फोन ठेवला."

डॉक्टर आता काकांकडे वळल्या.

"मंगळवारी तेच. आजी हात जोडून उभ्या होत्या. अंगाला काय लावलं, हा पहिला प्रश्न. शिकाऊ पोरींना मी तो घोकून घ्यायला लावते. तो सोडून मी विष, विष म्हणून ओरडले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मीच होते. काका, मला फार लाज वाटतेय. माफ करा म्हणायचंही तोंड नाही."

त्यांनी हात जोडून कपाळाला लावले आणि मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही.

आजी पुढे आल्या. "मी तुमच्याकडे पाहिलं नसतं, तर कुणी काही म्हटलं नसतं," त्या काकांना म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून पुटपुटल्या, "फसवायचं होतं भुतांना, फसलात तुम्ही."

काकांनी बराच वेळ रस्सा ढवळला. मग वाडगा भरला आणि डॉक्टरांसमोर आदळला.

"खा. सगळ्यांसमोर खा. शेवटच्या घोटापर्यंत."

डॉक्टरांनी बाकड्यावर बसून खाल्लं. डोळ्यांतलं पाणी तिखटाच्या नावावर खपलं. वाडगा रिकामा होईपर्यंत चार बायका रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

शनिवारी रेडिओवर त्यांनी हीच हकिगत सांगितली, हसण्यासकट. मांजराचं नाव तेवढं गाळलं, भुतांचा भरवसा नव्हता. मग पहिला फोन लागला.

"डॉक्टर, आमची गाय दूध देत नाही."

"नमस्कार," डॉक्टर म्हणाल्या. "आधी सांगा, जनावर कुठलं?"

पलीकडचा माणूस पोट धरून हसला. अख्खं लम्पांग हसलं असेल. डॉक्टरांनी त्याचं हसून होऊ दिलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.