दाराला टेकवलेला खराटा

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण यातला एकही शब्द पदरचा नाही. उलट इतकी वर्षं मी एक गोष्ट गाळूनच सांगत आलोय. आज तीही सांगतो.

नऊ जानेवारी. फिनलंडच्या उत्तरेतल्या इनारी तलावाचा उत्तर काठ. दुपारचे दोन वाजले होते, तरी अंधार. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य उगवतच नाही.

मी आणि मार्कुस, आमच्या कंपनीचा नवा साहेब, साइमी नावाच्या म्हातारीकडे निघालो होतो. तलावाकाठची तिची जमीन कंपनीला हॉटेलसाठी हवी होती. सकाळीच मी फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, "दोनला या. कॉफी तयार ठेवते."

मार्कुस हेलसिंकीचा. उणे एकतीस अंशांत पातळ बूट घालून आलेला.

"पाय गळून पडले तर सही कशी घेशील?" मी म्हटलं.

"हाताने," तो म्हणाला. "तू गाडी चालव, एस्को."

घर आलं. खिडकीत दिवा होता.

पण दाराला बाहेरून खराटा टेकवलेला...

आमच्या गावांत कुलूप लावत नाहीत. घरात कोणी नसलं की दाराला खराटा टेकवतात. तो दिसला की माणूस पायरीवरूनच परत फिरतो.

"चल, म्हातारी घरी नाही."

"दिवा जळतोय की."

"खराटा बाहेरून लावलाय, मार्कुस. आतला माणूस कसा लावेल?"

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला...

"उघडंच आहे. या. कॉफी निवतेय."

पायरीवर ताजा बर्फ होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"तुम्ही लोक खराट्यालाही भिता," मार्कुस हसला. त्याने खराटा बाजूला ढकलला आणि आत गेला. दार मागे लागलं.

मी बाहेरच राहिलो. खरं सांगतो, घाबरलो होतो.

आत कप वाजला. मार्कुसचं बोलणं ऐकू येत होतं, म्हातारीचं मात्र नाही. तो काहीतरी विचारायचा, थांबायचा, आणि कोणी उत्तर दिल्यासारखा हसायचा...

"मार्कुस, बाहेर ये."

"आलोच रे. आजी विचारतायत, बाहेर कोण उभं आहे."

खराटा माझ्या पायाशी आडवा पडला होता. मी तो उचलला.

आणि दाराला टेकवला.

का, ते विचारू नका. चाळीस वर्षांची सवय. पडलेला खराटा दिसला की हात आपोआप तेच करतो.

आतला आवाज थांबला.

वाक्याच्या मध्येच...

मी खराटा फेकला आणि दार उघडलं. दिवा विझलेला. चूल थंडगार. टेबलावर हिमाचा थर, आणि त्यावर दोन कप. एकातून अजून वाफ येत होती.

मार्कुस नव्हता.

त्या घराला दुसरं दार नाही. पोलिसांनी आठ दिवस शोधलं. बर्फात त्याची पावलं फक्त आत जाणारी होती. साइमी तर तीन दिवसांपासून बहिणीकडे राहायला गेली होती, आणि माझा फोन तिला आलाच नव्हता.

"जाताना खराटा लावला होता मी," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी सगळ्यांना सगळं सांगितलं. खराटा मी परत लावला, हे सोडून.

साइमी पुढे वारली. घर आता ओस आहे. दर नऊ जानेवारीला मी तिथे जातो. खराटा दाराला टेकवलेला असतोच. मी तो बाजूला करून थांबतो. थोड्या वेळाने आत कप वाजतो...

"उघडंच आहे. ये, एस्को."

आवाज मार्कुसचा असतो.

त्याला बाहेर काढायचं तर मला आत जावं लागेल, आणि खराट्यावर लक्ष ठेवायला बाहेर कोणीतरी हवं. मी एकटाच असतो. तसाच परततो.

काल रात्री मी बायकोला, आउनेला, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "या वेळी मी येते. तू आत जा, मी दाराशी थांबते."

मला रडू आलं.

आज सकाळी आम्ही दुकानात जायला निघालो. अंगणात वाऱ्याने खराटा पडला होता. आउने माझ्याशी बोलत बोलत वाकली, तो उचलला आणि आमच्या दाराला टेकवला. तिच्या लक्षातही आलं नाही.

उद्या नऊ तारीख आहे...