करवली रुसली नव्हती

पहाटे सगळं वऱ्हाड गरम पाण्यासाठी खोळंबलेलं असताना उज्वलानं बुटाच्या नाड्या आवळल्या आणि मंगल कार्यालयाच्या फाटकातून ती जी सुटली, ती थेट लातूर रस्त्यानं. हातांवर कोपरापर्यंत मेंदी, अंगात जुना टी-शर्ट. आज शिवकुमारचं, तिच्या भावाचं, लग्न; पण तिच्या डोक्यात मंगळवार होता. नांदेडला वनरक्षक भरतीची धाव!

अहमदपूर मागं पडलं न पडलं, तोच शेजारी एक मोटारसायकल आली.

"ओ ताई... थांबा की!"

उज्वला थांबली नाही. सुरू केलेली धाव अर्ध्यात सोडायची नाही, हा तिचा नेम होता.

"पाण्याचं ना? बंब पेटवून राहिलेत. चुकलं आमचं, पोटात घाला. पण नवरदेवाची करवलीच रुसून चालली, तर आमच्या आत्यानं काय करावं?"

ती धावतच राहिली. तो आणखीनच घाबरला.

"चहा गार होता का?... मग मानाची साडी? बदलून देतो! काहीतरी बोला ना..."

हसू दाबता दाबता तिचा दम सुटायला आला. वळणावरच्या बंद हॉटेलापाशी पोचल्यावर तिनं गुडघ्यांवर हात टेकले.

"रुसले न्हाई हो... सराव करून राहिले. भरती हाय माझी."

तो बघतच राहिला. मग स्वतःवरच इतका मोकळा हसला, की तिलाही राहवलं नाही. त्याचं नाव रामलिंग, नवरीचा मामेभाऊ. लातूरला घरची दालमिल.

"बसा, सोडतो."

"परतही धावतच जायचंय."

"लई हट्टी हाव तुम्ही," तो म्हणाला, आणि गाडी हळू चालवत तिच्या मागून निघाला. हेडलाइटचा उजेड तिच्या पावलांपुढं पडत होता. एरवी पहाटे मागं गाडीचा आवाज आला की ती रस्ता सोडून कडेला व्हायची. आज तो आवाज मागं असावा, असं वाटत होतं.

दुपारी पंगतीत मात्र जिलब्या आडव्या आल्या. गेल्या भरतीच्या आधीही असंच एक लग्न होतं. पाच दिवस गोडधोड, सरावाला बुट्टी, आणि शेवटच्या फेरीत पाय भरून आले ते आलेच. घरी सगळे म्हणाले, "जाऊ दे." तिला मात्र जाऊ द्यायचं नव्हतं. वयात बसणारी ही बहुतेक शेवटचीच भरती.

"घे की गं लेकी, एक जिलबी," नवरीची आई कमलम्मा वाकून म्हणाली. "काय चुकलं का आमचं?" तिचे डोळे खरंच भरून आले. पंगतीतल्या माना वळल्या. उज्वलाचा हात क्षणभर जिलबीकडे गेलाही... पण तिनं तो मागं घेतला.

"मावशी, तुमच्यावर रुसले असते तर जेवायलाच बसले नसते. मला मंगळवारी धावायचंय. नोकरी लागू द्या, मग पोटभर खाईन, तुमच्याच हातानं."

कमलम्मा गोंधळून भाच्याकडे बघू लागली. रामलिंग आतून ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि दही घेऊन आला.

"आत्या, करवलीचा मान राहिला पाहिजे ना? मग आग्रह ह्याचा!" त्यानं उसळ वाढली. तिनं हात आडवा धरला, तरी त्याचं चालूच. "घ्या की अजून एक वाढी... न्हाई म्हणायचं न्हाई!"

"बस... बस की!"

"माझ्याकडे बघून एवढी एक पळी."

तिनं बघितलं. पळी वाढून झाली तरी बघतच होती. कमलम्मानं डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं तिला दही वाढलं.

संध्याकाळी वऱ्हाडाची बस निघायच्या वेळी रामलिंगनं तिची बॅग वर दिली, पण बंद काही सोडला नाही.

"उज्वला..." पहिल्यांदाच नावानं. "एक विचारायचं होतं—"

काय विचारायचंय ते तिला कळलं. छाती अशी धडधडली, की पहाटेची धाव त्यापुढं काहीच नव्हती.

"आत्ता नका विचारू. विचारलंत तर झोप यायची न्हाई. आन् मंगळवारपर्यंत मला झोप पाहिजे."

"आन् माझ्या झोपेचं काय?"

"तुम्हाला कुठं धावायचंय!" ती हसली... मग हळूच म्हणाली, "मंगळवारी विचारा. नांदेडला, मैदानाबाहेर."

मंगळवारी शेवटच्या फेरीत पाय भरून यायला लागलेच. पण यावेळी ते तिचं ऐकत होते. रेषा ओलांडली, वेळेत बसली, आणि ती डगमगत फाटकाबाहेर आली. लिंबाखाली रामलिंग उभा होता.

"झालं?"

"झालं! आता विचारा." तिला धाप लागली होती. "पण नीट ऐका... नोकरी जंगलात हाय. किनवटला टाकतील, न्हाईतर आणखी कुठं. मी सोडणार न्हाई."

लातूरपासून घोकत आणलेलं सगळं रामलिंग विसरला.

"सोडा कोण म्हणतंय? फक्त... लग्न कराल माझ्याशी?"

"हाव," ती म्हणाली.

पाय थरथरत होते, म्हणून तिनं त्याचा हात धरला. थरथर थांबली तरी सोडला नाही.